‘बोल’ म्हणायचं राहून गेलं

माणसं नेमायचं काम निघालं की जव्हारच्या त्या संस्थेच्या कचेरीत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. संस्था लहानच, पाड्यापाड्यांतल्या गरोदर बायांची आणि तान्ह्या बाळांची विचारपूस करणारी. जागा एक आणि अर्ज ढीगभर. मग जीप काढायची, मोखाड्याच्या वळणांवर पोट सांभाळायचं, कुणाच्या ओट्यावर बसून कोरा चहा घ्यायचा, आणि एवढं करून दिवसाकाठी दोघीतिघींशीच बोलणं व्हायचं. यंदा व्यवस्थापक हेमंत सरांनी ठरवलं, हे आता पुरे. मोठ्या कंपन्या मोबाईलवर मुलाखती घेतात, आपणही घेऊ.

दोन सॉफ्टवेअरं समोर होती. त्यांची तुलना करायचं काम रंजनाकडे आलं. रंजना साखरशेत गावच्या शेतकऱ्याची लेक, शिकून कचेरीत लागलेली, कॉम्प्युटरवर हात बसलेला. तिने मन लावून तक्ता केला. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये समोर माणूसच नसे. पडद्यावर प्रश्न उमटे, उमेदवाराने एकट्याने उत्तर बोलायचं. मग बोलण्याची सफाई, नजर, आत्मविश्वास हे सारं यंत्रच तपासून गुण देई आणि कमी गुणांचे व्हिडिओ परस्पर बाजूला काढी. दुसऱ्यात नुसता व्हिडिओ कॉल जुळवून मिळे. विचारायला इकडे कुणीतरी बसलेलं हवंच.

रंजनाने कचेरीतल्या एकेकाला पहिल्यासमोर बसवून पाहिलं. सगळे झकास बोलले, सगळ्यांना झकास गुण पडले. हेमंत सरांना तर इतके पडले की त्यांनी खूश होऊन सर्वांसाठी भजी मागवली.

सुनिताताई तेवढ्या बसल्या नाहीत, आणि गुरुवार असल्यामुळे भजीही घेतली नाहीत. संस्थेतल्या त्या सर्वांत जुन्या. आजवरच्या बहुतेक नेमणुका त्यांच्याच हातच्या, रंजनाचीसुद्धा. तक्ता वाचून त्यांनी चष्मा काढला.

“रंजना, ही दोन यंत्रं तू एकमेकांशी ताडून पाहिलीस. पाड्यावरच्या एखाद्या पोरीशी ताडून पाहिलीस का?”

“ताई, तुमच्या वेळी पोस्टकार्डं होती,” हेमंत सर म्हणाले, आणि सगळे हसले. रंजनाही हसली.

मोखाड्याकडच्या पाड्यांसाठी जागा एकच होती. सुनिताताईंनी जाता जाता सांगितलं, सोनी नावाची एक सून अर्ज करते आहे, तिच्यावर लक्ष असू दे. बारावी शिकलेली. कुणी बाई अडली की शेजारणी आधी तिलाच हाक मारतात. दिवाळी झाली की ते घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातं. ही नोकरी लागली तर सोनी आणि तिची लेक गोदी मागे राहतील, पोरीची शाळा तुटणार नाही.

“लक्ष यंत्र ठेवेल, ताई,” रंजना म्हणाली. “ते कुणाचं तोंड बघून निवडत नाही.”

पहिलं सॉफ्टवेअर घेतलं गेलं, त्याच्यावर मुलाखती झाल्या. पालघरची एक चुणचुणीत मुलगी पहिली आली. बोलणं असं की ऐकत राहावं! तिची नेमणूक झाली. दिवाळी उलटली. मग एके दिवशी तिचा निरोप आला की या डोंगरात आपलं मन रमत नाही, आपण परत जात आहोत. हेमंत सरांनी यादीतली पुढची नावं मागितली. त्यांत सोनी नव्हती. रंजनाला सुनिताताईंचं बोलणं आठवलं. बाजूला काढलेल्या व्हिडिओंत तिने सोनीला शोधून काढलं. तोवर तो व्हिडिओ एकाही माणसाने पाहिलेला नव्हता.

डोक्यावर पदर घेतलेली सोनी दिसली. मोबाईल कणगीला टेकवून ठेवला असावा, चित्र जरा कलतं होतं. तिने हात जोडले. पडद्यावर प्रश्न उमटला, गरोदर बाई दवाखान्यात यायला तयार नसेल तर तुम्ही काय कराल? सोनीने तो ओठ हलवत वाचला, मान खाली घातली आणि ती थांबली. वेळ संपली. दुसरा प्रश्न आला, तोही तिने वाचला आणि पुन्हा तशीच अदबीने थांबली. शेवटी हळूच मान वर करून तिने विचारलं, “बाई, तुम्ही हाव ना तिथं?”

पडद्यावर ‘धन्यवाद’ उमटलं.

रंजनाने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. सोनी गप्प का बसली हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती! थोरांनी ‘बोल’ म्हटल्यावाचून तोंड उघडायचं नाही, हे साखरशेतलाही तसंच होतं. ती स्वतः सुनिताताईंपुढे अशीच खालमानेने बसली होती. ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला होता आणि म्हटलं होतं, “बोल गं बाई.” तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं होतं. कचेरीच्या खुर्चीत बसता बसता ती हे विसरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाड्यावर गेली. घराला बाहेरून कडी लावलेली होती. पडवीत सोनीची सासू माघी एकटी नाचणी पाखडत होती. तिने सूप ठेवलं, आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं, सगळी भट्टीवर गेली, गोदीपण.

“गोदीची शाळा?”

“तिथं कसली शाळा? विटा उलट्या करते,” माघी म्हणाली. “सून इथं सांजपर्यंत बसली होती त्या मोबाईलपुढं. तुमची बाई हिला बोल म्हणालीच नाय. मंग ही म्हणाली, त्यांच्या मनात नसंल.”

रंजनाने तिथूनच फोन लावला. सोनीने उचलला. मागून ट्रकचा आवाज येत होता. रंजनाने आपण कोण ते सांगितलं, चूक आमची झाली म्हणाली, जागा रिकामी आहे, निघून ये म्हणाली. पलीकडे शांतता. मग रंजनाच्या ध्यानात आलं.

“बोल, सोनी.”

“आता काय बोलू, ताई?” सोनी म्हणाली. “भट्टी बंद होईस्तोवर मालक कुणाला सोडत नाय.”

त्या पाड्यांतल्या बायांचे दिवस भरत आले होते. जागा पावसाळ्यापर्यंत कुणासाठी थांबवता येत नव्हती. ती दुसऱ्या एका पाड्यावरच्या मुलीला मिळाली. मुलगी चांगली आहे. पण ती सोनी नव्हे, आणि गोदी त्या वर्षी शाळेत आली नाही.

जीप पुन्हा निघू लागली आहे. सॉफ्टवेअरचे वर्षभराचे पैसे भरलेत, असं हेमंत सर कुरकुरतात. रंजना त्याच्यावर अर्ज नोंदवते, तारखा लावते, तेवढ्यापुरतं ते कामाचं आहेच. निवड मात्र ओट्यावर बसून होते. पाणी पिऊन झालं की रंजना म्हणते, “बोल गं बाई,” आणि थांबते. दर वेळी तिला तो कलता व्हिडिओ आठवतो.

वाचकहो, आपण रोज देवापुढे हात जोडून न बोलता उभे राहतो आणि त्याला सगळं कळलं असं धरून चालतो. मग आपल्यापुढे कुणी खालमानेने गप्प बसलं, तर त्याच्यात काही नाहीच, असं इतक्या लवकर कसं ठरवतो? यंत्र खुशाल घ्या, चांगलं पारखून घ्या. पण ज्याला त्याच्यापुढे बसायचं आहे, त्याला आधी बसवून पाहा. आणि कुणाला नको म्हणायचंच असेल, तर ते माणसाने म्हणावं, त्याचं ऐकून घेतल्यावर.