एकवीस ते तीस

अहेरीच्या बाजारात पोचूचं मोबाईलचं दुकान आहे. आमच्या गावात रेंज नाही. टेकडीवर चढलं तर बोलण्यापुरती मिळते, पण मोठी फाईल उतरत नाही. म्हणून माझ्या मुलीचे, मोनालीचे, जर्मनचे धडे नागपूरच्या क्लासमधून पोचूच्या फोनवर येत. मी बाजाराला गेलो की तो ते मोबाईलच्या मेमरी कार्डात भरून देई. मोनाली आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. ती सुटेपर्यंत शेवटची बस निघून जाते आणि रविवारी पोचूचं दुकान बंद असतं. त्यामुळे हे काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी कार्ड माझ्या खिशात होतं. एकवीस ते तीस, असे शेवटचे दहा धडे भरायचे होते.

"आणा भाऊ कार्ड," पोचू म्हणाला. "का म्हातारपणी तुम्हीच जर्मनीले जाऊन राह्यले?"

"राहू दे आज. बस निघून जाईन," मी म्हणालो.

बसला अजून दीड तास होता. मी स्टँडवर इकडून तिकडे फिरत राहिलो. घरी येऊन मोनालीला सांगितलं, "लाइट नव्हती अहेरीले."

"बरं बाबा," ती म्हणाली. लाइट जाणं आमच्याकडे नवीन नाही. तिने विश्वास ठेवला.

जर्मनची परीक्षा पास झाली की ती नर्स म्हणून जर्मनीला जाणार होती. तिच्यासोबत शिकलेली स्वाती आधीच तिकडे गेली आहे. मोनालीने जावं ही मूळ इच्छा माझ्या बायकोची, वच्छलाची. धडे सुरू झाले तेव्हा ती चुलीपाशी बसून ऐकायची. त्यात एक बाई शब्द सांगते आणि मग थांबते. तेवढ्या वेळात आपण तो शब्द म्हणायचा. वच्छलाला वाटायचं, ती बाई खरंच वाट पाहते आहे.

"थांबली ना बिचारी. जवाब नाई देल्ला तं बरं दिसते का?" असं म्हणून ती मोनालीच्या आधी ओरडायची. शुल्टर म्हणजे खांदा, क्नी म्हणजे गुडघा, रुकन म्हणजे पाठ. भाकरी थापता थापता सगळं अंग म्हणून व्हायचं. मी हसायचो. ती म्हणायची, "हसा. उद्या पोरगी तिकडून फोन करीन तवा तुमालेच काई समजणार नाई."

कार्तिकात वच्छलाला ताप आला आणि तो डोक्यात गेला. तीन दिवसांत ती गेली. धान उभंच होतं. ते कोणी कापलं, मला आठवत नाही.

महिनाभराने मोनालीने फोनवर धडे पुन्हा लावले. बाई शब्द सांगायची, थांबायची, आणि घरात काही आवाज नसायचा. मोनाली ओठातल्या ओठात म्हणायची. मला ते सहन होत नसे. मी उठून बांधावर जायचो, तिथून नाल्यापर्यंत, नाल्यावरून परत. चालताना तेच शब्द माझ्या तोंडून निघत. मोनाली गेली तर घरात तो फोनसुद्धा बोलणार नाही, हे मनातून जात नव्हतं.

पुढच्या बाजाराला पोचू म्हणाला, "भाऊ, कार्ड तं द्या. का नुसता चहाच पेता माझा?" मी चहा प्यायलो आणि निघालो. घरी सांगितलं, पोचूची कार्ड भरायची मशीन बिघडली.

मोनाली म्हणाली, "परीक्षेले बारा दिवस राह्यले बाबा. दहा धडे बाकी हायेत. यंदा नाई बसत मी. रविवारी टेकडीवर जाऊन क्लासवाल्यायले सांगून देतो."

"मंग पुढच्या वर्षी?"

"पाहू."

मला हवं होतं ते झालं होतं. जेवताना मी दोनदा भात घेतला. मग पाहिलं, मोनालीने पेटी उघडली, आईची लुगडी वर उचलली आणि आपली वही सगळ्यात खाली ठेवली. वरून लुगडी नीट बसवली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

सकाळी ती उपकेंद्रात गेली आणि मी बसची वाट न पाहता निघालो. दोन कोस चालल्यावर गावातला लालसू मोटारसायकलवर भेटला. त्याने अहेरीला सोडलं.

"आज बाजार नाई, काई नाई. काऊन आले भाऊ?" पोचूने विचारलं.

"भर. एकवीस ते तीस."

दहा मिनिटांत झालं. "हे तं दोन हप्त्यापासून येऊन पडलं व्हतं," तो म्हणाला.

संध्याकाळी मोनाली आली. मी कार्ड तिच्या हातात दिलं. ती लहानपणी हसायची तशी हसली.

"मशीन सुधरली? पोचूभाऊनं लय केलं माह्यासाठी. त्यायच्या घरी मोहाचे लाडू पाठवतो मी."

तिथेच गप्प राहिलो असतो तर निभलं असतं. पण न बिघडलेल्या मशीनसाठी लाडू पोचूला गेले असते.

"मशीन बिघडली नव्हती," मी म्हणालो. "लाइटबी गेली नव्हती. मीच भरून नाई आणलं."

"काऊन?"

"तू जाशीन म्हणून."

तिने कार्ड मुठीत धरलं. "मायनं तीन महिने धडे ऐकले, बाबा. तिले का मी जाणार नाई असं वाटत व्हतं? तिले भेव नव्हतं का?" ती पेटीकडे वळली. "उद्या मी नागपूरले जातो. सुट्टी घेतो. परीक्षेपर्यंत तिथीच राहीन. घरी राहून नाई होत."

तिने वही बाहेर काढली. इयरफोन लावून ती भिंतीकडे तोंड करून बसली. बाईचा आवाज मला ऐकू आला नाही. मोनालीचे शब्द आले. एकही माझ्या ओळखीचा नव्हता.

सकाळी बॅग मी उचलली. ती नको म्हणाली नाही. बस आली, ती चढली, खिडकीपाशी बसली. कंडक्टरने घंटी मारल्यावर तिने तोंड बाहेर काढलं.

"भात दोन वेळ रांधजा. सकाळचाच संध्याकाळी खाऊ नोका."

"हो," मी म्हणालो. बस निघाली होती. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

रिकामं घर मागे होतं. मी वळलो नाही. बस गेली त्याच रस्त्याने पुढच्या गावापर्यंत चालत गेलो.