कुंकवाखालची मोटर

गाडीचा दुसराही कंट्रोलर जळाला, आणि मालक कल्याणशेठनी साऱ्या हॉटेलासमोर जाहीर करून टाकलं, "बाई गाडी दामटते, म्हणून जळतात. उद्यापास्नं ज्योती नको."

ज्योती शिर्डीच्या त्या हॉटेलात बॅटरीवरची उघडी गाडी चालवायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मंदिराच्या रस्त्यापर्यंत सोडायचं नि परत आणायचं. तिच्या पाथर्डीकडच्या घरात तिच्याआधी कुणाच्या हातचा कोयता सुटला नव्हता. ही नोकरी गेली की पुन्हा ट्रॅक्टरवर बिऱ्हाड आणि तोच ऊस, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण त्याहून जास्त झोंबलं ते 'दामटते' हे. गाडी हातात आल्यापासून तिनं एखाद्या फुलवालीच्या टोपलीलासुद्धा धक्का लावला नव्हता.

भिंगारहून दुरुस्तीला आलेल्या अनीशनं सीट उचलली, आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, ह्या मोटरींच्या दोन जाती असतात. वायरी जोडायला चार बोल्ट. दोन जाड, दोन बारीक असले तर एक जात, चारही जाड असले तर दुसरी. मोटरीला बेतानं वीज सोडतो तो कंट्रोलर, तो त्या-त्या जातीचाच लागतो. तुमच्या बाकीच्या गाड्या पहिल्या जातीच्या आहेत. हिची कुठली, ते दिसतच नाही."

दिसणार कसं? ही हॉटेलची पहिली गाडी, जुनी घेतलेली. एका खंडेनवमीला कल्याणशेठच्या वडिलांनी पूजा करताना तिच्या मोटरीला तेलात कालवलेलं कुंकू फासलं. पुढं ते वारले, आणि त्या कुंकवाला कुणी हात लावायचा नाही असा घरात फतवाच निघाला. पुसायचं नाही, वर थर मात्र दरवर्षी नवा. कंपनीची माहितीची पट्टी, बोल्ट, सगळं त्या लाल लगद्यात गडप झालं होतं. मोटरीचा पार म्हसोबा करून ठेवला होता भल्या माणसांनी! जुना कंट्रोलर गेल्यावर कुणीतरी वायरींचे रंग बघून बाकीच्या गाड्यांसारखाच नवा बसवला, आणि तिथून ही जळाजळी सुरू झाली.

"पुसून बघू का?" अनीशनं विचारलं.

"बोट लावायचं न्हाई," कल्याणशेठ कडाडले. "माझ्या बापाच्या हातचं हाय ते. तसलाच तिसरा बसवा. चालवायला मी दुसरा मानूस देतो."

ज्योतीचं डोकंच सणकलं. तिनं अनीशच्या हातातलं डिझेलचं फडकं ओढून घेतलं आणि सरळ मोटरीवर घासायला लागली.

"ज्योती! पाप लागंल!"

"लागू द्या की. कुंकू तुमच्या बापाचं, आन् नाव माझं खराब व्हय?"

तिनं घासणं थांबवलं नाही. फरशीवर लाल ओघळ आले, तिच्या कोपरापर्यंत हात माखला, आणि एकेक बोल्ट उघडा पडला. चारही जाड होते.

"कंट्रोलरच चुकीचा," अनीश म्हणाला. "कुणीही चालवली असती तरी जळालाच असता. उद्या हिच्या जातीचा आणतो."

"आणा," कल्याणशेठ म्हणाले. मग ज्योतीकडं न बघता, "पन तू उद्या येऊ नको."

दुसऱ्या दिवशी ती आली. हॉटेलचा निळा शर्ट घालून, रोजच्या वेळेला. अनीशचं काम उरकलं तशी तिनं मोटरीला एक बारीकसं कुंकवाचं बोट लावलं, बोल्टांपासून चांगलं लांब, आणि गाडीवर जाऊन बसली. मागं सोलापूरकडची एक आजी आणि तिची सून येऊन बसल्या. कल्याणशेठ तरातरा आले आणि गाडीपुढं उभे राहिले.

"तुला काढलंय ना?"

"दामटते म्हनून काढलं हुतं. ते तर खोटं निघालं. आता दुसरं कारन सांगा, शेठ. पन ह्या पाव्हण्यांम्होरं सांगा."

कल्याणशेठनी तोंड उघडलं. मागची आजी कान देऊन ऐकत होती. कुंकू पुसलं म्हणून काढलं म्हणावं, तर त्याच कुंकवापायी दोन कंट्रोलर जळाले हेही तिच्यापुढं निघालं असतं. ते जागचे मात्र हलले नाहीत.

"न्हाई ना? मग बाजूला व्हा," ज्योती म्हणाली, आणि तिनं हळूच पाय दाबला. गाडी जराही हिसका न देता निघाली, आणि कल्याणशेठना बाजूला व्हावं लागलं.