ओल्या गोण्यांखालची होडी

ऐन वैशाखात नाथाला कावीळ झाली आणि त्याची होडी भाईंदरच्या खाडीकाठी जमिनीवर पालथी पडली. नवीकोरी, फायबरची, हाटकेशच्या कारखान्यात परागनं घडवलेली. नाथाची बायको अंबिका, तिला एवढंच ठाऊक, की होडीला उन्हात तहान लागते. लाकूड सुकलं की फळ्यांच्या फटी उघडतात. तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं हेच जपलं होतं. म्हणून तिनं होडीच्या पाठीवर गोण्या पांघरल्या आणि सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी शिंपलं, गुणगुणत:

होडीबाई माझे, नको उन्हामंदी सुकू
नाखव्यासंगती राख माझं कुंकू

पावसातही गोण्या तशाच राहिल्या. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, गोण्या निघाल्या आणि अंबिकेच्या तोंडचं पाणी पळालं. होडीच्या तळाला फोडच फोड, देवी आलेल्या लेकरागत. एक नखानं फोडला, तर आंबूस वासाचं चिकट पाणी ओघळलं.

परागला बोलावलं. त्यानं बोटांनी तळ ठोकून पाहिला. खणखणायची ती भदभद वाजली.

"वहिनी, हिला पाणी कुणी पाजलं?"

"मीच. सुकू नये म्हणून."

"अहो, लाकूड फुगलं की फटी मिटतात. हिच्यात पाणी मुरलं की फायबरचे थर सुटतात."

नाथा खवळला. "होडीच हाय ना रे ही? पाण्यात ऱ्हायाची, नि पाण्यानंच मरते? उद्या म्हणशील, मासा बुडून मेला!"

"नाखवा, उन्हात ओल्या गोणीखाली ती नुसती शिजलीय. सगळे फोड उघडा, दिवाळीपर्यंत सुकवा, मग मी नवे थर चढवतो. तोवर पाण्यात घालू नका. लाटेवर आपटली तर तळ फाटेल."

पराग गेला. नाथा म्हणाला, "नारळ वाहिला की निघणार मी. सोताच्या होडीचा नाखवा हाय मी; दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होण्यापरीस बुडालेलं बरं."

"आसं नका बोलू. पाया पडते तुमच्या."

"तूच पाजलंस ना पाणी? आता तोंड मीट."

तो फोडांवर फासायला डांबर आणायला गेला. अंबिका होडीजवळ उभी राहिली. आईची आण घालून झाली, देवाची घालून झाली. घालायला आता काही उरलं नव्हतं. तिनं खवले काढायची सुरी उचलली.

नाथा परतला तेव्हा तळाची कातडी जागोजाग सोललेली होती. फायबरातले काचेचे धागे लोंबत होते. तेच धागे रुतून अंबिकेचे तळवे रक्ताळले होते.

"अंबिके! काय केलंस गं हे?"

"मारा मला. पन ही आता जात न्हाय."

त्याचा हात वर गेला. तसाच खाली आला. डांबराचा डबा चिखलात टाकून तो पलीकडे पाण्यात उभ्या असलेल्या लवूच्या होडीकडे गेला. लवूला खलाशी हवाच होता.

"ये रं नाखवा!" लवू हसला.

"नाखवा नको म्हनू," नाथा म्हणाला, आणि लवूच्या जाळ्याचं एक टोक खांद्यावर घेतलं.

अंबिकेनं ते ऐकलं. नाथानं मागं वळून पाहिलं नाही. लवूच्या होडीत चढताना पाण्यातून वर उचललेले त्याचे ओले पाय जिवंत होते, एवढंच तिनं बघून घेतलं. तळाचे निम्मे फोड अजून उघडायचे बाकी होते; दिवाळीपर्यंत सगळे सुकायला हवे होते. ती खाली बसली आणि पुढच्या फोडात सुरी घातली.