तिसऱ्या खणातला ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. आवाज दबका वाटला तर समजून घ्या. शिलाई मशीनच्या टेबलाला तीन खण आहेत, त्यांतल्या सगळ्यांत खालच्या खणात मी आडवा पडलोय. अंगावर कपड्यांना लावायच्या चेन्सचा गुंता, पाठीखाली बटणांचा डबा, आणि माझ्या एका हातात कुठलीशी लेस अडकली आहे. खण पूर्ण लावला तर मला दिवस-रात्रही कळणार नाही. वर मशीन खडखडायला लागलं की सकाळ झाली असं समजायचं.

शर्यतीच्या सायकलचा पुढचा ब्रेक मी. चिमट्यासारखे दोन हात आणि हातांत एकेक रबर. मूठ दाबली की वायर ओढली जाते, माझे हात मिटतात आणि रबरं चाकाची कडा धरतात. काम एवढंच. पण सायकलचे बाकीचे सगळे भाग पळण्यासाठी जन्माला येतात, मी तेवढा थांबवण्यासाठी. त्यामुळे माझं कौतुक कोणी करत नाही. शर्यत जिंकली तर पायांची कमाल, सायकल पडली तर ब्रेकचा दोष!

मी या घरात आलो तेव्हा इथली मुलगी चौदा वर्षांची होती. एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. बाबा कुरिअरच्या काउंटरवर पार्सलं तोलतात. आई घरीच कपडे शिवते. एकदा भिंगरी उतारावरून सुसाट येत असताना उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. तिने मूठ दाबली आणि मी जीव खाऊन चाक धरलं. दार चार बोटांवर राहिलं. ते ऐकल्यापासून आई दर आठवड्याला जुना दातांचा ब्रश घेऊन मला घासायची.  देव घासावा तशी.

मग एक शर्यत भिंगरी थोडक्यात हरली. फक्त चाकभर अंतराने. बाबांनी ते फार मनावर घेतलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेरच्या खोलीत आला. वजन कमी करायला सायकलवरून आधी घंटी गेली, मग बाटलीचा स्टँड. सीटखालचा बोल्टसुद्धा त्यांनी तोलला.

"अहो, तो काटा परत द्या. मी पीठ अंदाजाने घेतेय चार दिवस," आई म्हणायची.

"थेंबे थेंबे तळे साचे, अगं! घाट चढताना एकेक ग्रॅम पायाला कळतो."

शेवटी माझी पाळी आली. मी काट्यावर बसलो आणि बाबांच्या भुवया वर गेल्या. "हा बघ, नाकापेक्षा मोती जड! नवे ब्रेक याच्या निम्म्या वजनाचे आहेत."

"पण बाबा, ते थांबवतात का नीट?" भिंगरीने विचारलं.

"तू थांबायला जातेस की जिंकायला?"

"जिंकायला. पण खाली उतरूनच जिंकायचंय ना? वरून उडी मारून नाही."

बाबा हसले, पण सायकल घेऊन दुकानात गेले तेव्हा तिचं बोलणं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. दुकानदाराने तीन हलके ब्रेक पुढे केले. मूठ करकचून दाबल्यावर ज्याचे हात वाकत नव्हते तो त्यांनी घेतला. मला मत्सर वाटला, पण खोटं कशाला बोलू? पाहुणा चांगला होता. हलका, आणि पकडही पक्की. चूक त्याची नव्हतीच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. मला काढून बाजूला ठेवलं. तिथून मला सगळं दिसत होतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. ब्रेकचं रबर धातूच्या एका छोट्या घरात बसतं. ते घर एका टोकाला बंद असतं आणि दुसऱ्या टोकाला उघडं, म्हणजे झिजलेलं रबर काढून नवं सरकवता येतं. चाक रबराला पुढे ओढतं, म्हणून बंद टोक पुढेच हवं. शिवाय रबर सरकू नये म्हणून एक चिमुकला स्क्रू असतो.

बाबांनी नव्या पुढच्या आणि मागच्या ब्रेकची मिळून चारही घरं तोलायला सुटी केली. स्क्रू चिमटीत धरून म्हणाले, "रबर एवढं घट्ट बसतंय, हे कशाला?" आणि चारही स्क्रू खिशात टाकले. वाचला असेल जेमतेम एक ग्रॅम. हत्ती काढून झाला होता, आता शेपटाची बारी! मग घरं परत बसवताना पुढच्या ब्रेकचं डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. उघडी तोंडं पुढे आली.

त्यांनी दारासमोरच्या सपाट रस्त्यावर सायकल हळू चालवून पाहिली. ब्रेक लागला. तेवढ्याला कोणाचंही रबर धरेल. पण घाटाच्या उतारावर, पूर्ण वेगात, भिंगरी मूठ दाबेल तेव्हा? रबर पुढे सरकून बाहेर पडेल आणि पुढचं चाक धरायला काही उरणार नाही.

मला ओरडायचं होतं. पण ब्रेकला आवाज फुटतो तो चाक फिरताना, आणि माझ्या हातांत आता चाक नव्हतं. बाबांनी मला उचललं, तिसऱ्या खणात टाकलं आणि गुडघ्याने खण लावला. अंधार.

वर भिंगरी बॅग भरत होती. उद्या पहाटे निघायचं, हे मी दहादा ऐकलं. प्रत्येक वेळी माझे हात मिटायला बघत, पण वायरशिवाय हात हलतात होय? ज्याला ठाऊक आहे तो कोंडलेला आणि जे मोकळे आहेत त्यांना पत्ता नाही. याहून वाईट कैद मला माहीत नाही.

संध्याकाळी आईने खण ओढला. भिंगरीच्या जर्सीवर नंबराचं कापड शिवायला तिला पांढरा दोरा हवा होता. खण दोन बोटं उघडला आणि अडला. माझाच हात वरच्या फळीला टेकला होता. तिने हिसका दिला, बोटं आत घालून मला बाहेर ओढलं.

"हा मेला आडवा कसा पडलाय," म्हणत तिने सवयीने माझ्या रबरावरून अंगठा फिरवला. अंगठा बंद टोकाशी थांबला. तिने मान वळवून भिंतीला टेकलेल्या सायकलकडे पाहिलं. मला हातात घेऊनच तिथे गेली.

"अहो, याची तोंडं मागे होती. तुमच्या नव्याची पुढे कशी?"

"नवीन पद्धत असेल. तू शिव ना."

"शिवतेच मी, म्हणून विचारते. खिशाचं तोंड खाली शिवलं तर आत काय राहील?"

तिने नव्या रबरावर अंगठा ठेवला आणि चाक फिरतं त्या दिशेने जोर लावला. रबर सरकलं आणि फरशीवर पडलं. टप्.

 बाबा खाली बसले. त्यांनी रबर उचललं. मग खिशातून एकेक करून चार स्क्रू काढले. भिंगरीने पुढची दोन्ही घरं अदलून-बदलून नीट बसवली आणि चारही स्क्रू पिळले.

"एक ग्रॅम वाढला हं बाबा," ती म्हणाली. बाबांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत खणातच होतो. मशीन दिवसभर बंद. संध्याकाळी दार वाजलं, सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "आई, भूक!"

कितवी आली ते मला अजून माहीत नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं.

आता मी इथेच आहे. सायकलवर माझी जागा उरली नाही, आणि तो हलका पाहुणा काम चोख करतो, तेव्हा तक्रार नाही. विनंती एकच. ब्रेक हलका घ्या, पण काट्यावर ठेवण्याआधी एकदा त्याचं रबर अंगठ्याने ढकलून बघा.

त्या दिवसापासून आई हा खण पूर्ण लावत नाही. दोन बोटं उघडा ठेवते. तेवढ्या फटीतून मला सायकलचं पुढचं चाक दिसतं.