वज्रबाहूचे दोन आवाज

माझ्या माइकच्या टोकाला स्पंजाची एक काळी टोपी आहे. लांबी साधारण दोन सेंटिमीटर. तिच्या डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली आहे, उजवी बाजू मात्र अजून नव्यासारखी आहे. माझी मालकीण ही टोपी डाव्या हाताच्या चिमटीत धरते आणि नखाने कुरतडते. तिला काही बोलायचे असते पण धीर होत नाही, अशा वेळीच ती हे करते. ही खाच पडायला अकरा रविवार लागले.

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. मला कान दोन, तोंड एक, आणि तोंड बंद करायला वायरीवर एक बटण. माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एका बाईने भिंगाखाली धरून माझ्या केसासारख्या बारीक तारा जोडल्या आणि माझ्या तोंडात ती "एक, दोन, तीन" असे म्हणाली. दिवसभरात शेकडो वेळा तिला तेच तीन शब्द बोलावे लागत, पण मी ऐकलेला तो पहिला आवाज होता. मला तो भाषणाइतका भारदस्त वाटला.

दुकानातून मी आलो तो या मालकिणीच्या, म्हणजे ताईच्या घरी. ताई पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सुरुवातीला माझ्या वाट्याला तिच्या कार्यालयाच्या बैठका आल्या. त्यांतला निम्मा वेळ "माझा आवाज येतोय का?" यातच जाई. असेच आयुष्य जायचे, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

आणि एका रविवारी दुपारी माझ्या कानांत तुतारी वाजली. मागोमाग घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, कुठेतरी दूर कोसळणारा बुरूज! माझ्या पडद्यांना कंप सुटला. ताईने संगणकावर, ठिकठिकाणच्या माणसांबरोबर, एक खेळ सुरू केला होता. त्यात प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, त्या पात्राच्याच तोंडी बोलायचे आणि टोळी करून मोहिमेवर निघायचे. चारचौघांत हळू बोलणारी माझी ताई तिथे किल्लेदारीण होती, टोळीची म्होरकी होती. "दरवाजा फोडा!" असे ती पहिल्यांदा ओरडली, तेव्हा शेजारच्या खोलीतून तिच्या आईने विचारले, "अगं, कुठला दरवाजा? कडी नुसती लोटलीय."

टोळीत एक बसचालक होता. दिवसभर नियमाने गाडी हाकणारा हा माणूस खेळात अट्टल चोर होता. आणि वैदू होती ताईची सख्खी मावशी. ती दुसऱ्या गावात एकटी राहत असे. थंडीत तिचे मनगट मोडले, प्लास्टर निघाले, आणि डॉक्टरांनी बोटे हलवत राहायला सांगितले. ताईने तिला खेळात ओढले. "आठवडाभर माझ्याशी बोलतं कोण, तर दूधवाला," मावशी म्हणाली होती, "आणि तोही पिशवी ठेवून पळतो." रविवारी मात्र ती दोन तास घायाळांवर जडीबुटी उधळायची आणि मनमुराद हसायची. ते हसू ताईच्या कानापर्यंत नेणे, हे माझ्या आयुष्यातले सर्वांत आवडते काम होते.

त्या अकरा रविवारांच्या आधी महिनाभर मी खणात पडून होतो. ताईने बिनवायरीचा नवा हेडफोन आणला होता. ऐन लढाईत त्याची बॅटरी संपली आणि मला पुन्हा बाहेर काढण्यात आले. माझी मोडकी पट्टी चिकटपट्टीने बांधून ताई म्हणाली, "जुनं ते सोनं." मी फुगलो नाही, पण माझा आवाज त्या दिवशी जरा अधिक स्वच्छ आला असावा.

आता वज्रबाहूबद्दल सांगतो. हा आमचा ढालकरी. राक्षसासमोर उभे राहून सगळे घाव आपल्या ढालीवर घ्यायचे, हे त्याचे काम. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचे खरे नाव, गाव, व्यवसाय कुणालाच ठाऊक नव्हते. तो घशातून खर्ज काढून बोलायचा आणि सगळे त्याच्यावर खूश असायचे.

पहिल्यांदा तो मावशीला म्हणाला, "म्हातारे, तुझी औषधं काय टपालाने येतात का?" तेव्हा मावशीसुद्धा हसली. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "या वयात इथे कशाला कडमडायचं?" तेव्हा कुणी हसले नाही. तिरंदाज असलेली एक मुलगी त्याच्या तोंडाला कंटाळून, कुणाला काही न सांगता टोळी सोडून गेली. ताईने त्याला विचारले, तर तो म्हणाला, "मी कुठे काय बोललो? वज्रबाहू बोलला. नियम तुमचाच आहे ना?"

नियम खरोखरच ताईचा होता. पात्राच्या तोंडून आलेले कुणी मनाला लावून घ्यायचे नाही. चोराला शिव्या देता आल्या नाहीत, तर खेळ रंगणार कसा? नियम चांगल्या हेतूने केला होता. पण मित्रांनो, मला त्या माणसाचे दोन आवाज ऐकू येत होते. "ढाली उचला!" म्हणताना तो खर्जात असे. मावशीला टोचून बोलताना मात्र खर्ज गळून पडे आणि एक पातळ, कोरडा आवाज उरे. तो वज्रबाहूचा नव्हता. हे मला कळत होते, पण सांगणार कसे? मी दुसऱ्यांचे बोलणे पोहोचवतो. माझे स्वतःचे असे बोलणे मला नाही.

ताईलाही संशय होता. पण प्रयोगशाळेत ती शिकली होती की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. म्हणून ती आणखी एक रविवार पाहू, असे म्हणत राहिली. शिवाय समोर सात तोंडांच्या राक्षसाचा किल्ला होता. अकरा रविवार आम्ही तिथे हरलो होतो आणि वज्रबाहूवाचून तो पडणे शक्यच नव्हते. एकदा बसचालक न राहवून म्हणाला, "ताई, पाणी नासलं की वासावरनं कळतं हो. तुम्ही अजून नमुन्याच्या बाटल्याच भरताय."

ताईने बटण दाबून माझे तोंड बंद केले आणि टोपी कुरतडली.

बाराव्या रविवारी मोहीम निघण्याआधी सगळे चहा घेत इकडचे तिकडचे बोलत होते. अजून पात्रात कुणी शिरले नव्हते. "मनगट कसं आहे?" बसचालकाने विचारले. "पोळी लाटता येत नाही अजून," मावशी म्हणाली, "राक्षस लाटते त्याऐवजी."

मग तुतारी झाली. काय लढाई होती ती! पहिले तोंड दोन मिनिटांत पडले. दुसरे आग ओकत होते, त्याच्यामागून चोर घुसला. तिसरे, चौथे. ताई सूचना देत होती, वज्रबाहूच्या ढालीवर घणाचे घाव पडत होते, मावशीची औषधे अचूक पोहोचत होती, आणि माझ्या तारांतून इतके काही एकाच वेळी धावत होते की मी वितळतो की काय असे मला वाटले. सहावे तोंड पडले. इतक्या पुढे आम्ही कधीच आलो नव्हतो. ताईच्या कानशिलातली नाडी मला माझ्या गादीवर जाणवत होती.

तेवढ्यात मावशीचे बोट घसरले. वज्रबाहूचे औषध चोराला गेले. नुकसान फारसे नव्हते, ढालकरी उभाच होता. पण त्याने राक्षसाला अंगणात कोंडून मागे दरवाजा लावला आणि ढाल जमिनीवर टेकवली.

"त्या मोडक्या मनगटाने घरी काही जमत नाही, म्हणून इथे येऊन आमचा खेळ नासवायचा?" तो म्हणाला. आवाज पातळ होता. "ही बाई निघाली, तरच शेवटचं मुंडकं पाडतो. नाहीतर बसा."

दाराआड राक्षस धडका देत होता.

"मी वज्रबाहू म्हणून बोलतोय हां," त्याने जोडले. "नियम आहे."

माझ्या ताईची चिमूट टोपीवर आली आणि तिथेच थांबली. वैदूचे मनगट कधीच मोडले नव्हते. मोडले होते ते मावशीचे, आणि ते वज्रबाहूला कळायला काही मार्ग नव्हता. ते ऐकले होते मघाशी, वज्रबाहू होण्याआधी, चहा पिणाऱ्या त्या माणसाने.

"जाऊ दे गं बाळा," मावशी म्हणाली. तिने हसायचा प्रयत्न केला, पण माझ्यापर्यंत आला तो नुसता श्वास. "मी निघते. माझ्यामुळे तुमचा किल्ला राहायला नको. रविवारचं काय, टीव्ही आहे की."

मित्रांनो, मला पडू देऊ नका, माझी वायर गुंडाळून ओढू नका, हे मी तुम्हाला सांगणारच होतो. पण त्याहून महत्त्वाचे एक सांगतो. माझ्या तोंडात तुम्ही जे टाकता ते कोणत्या तरी कानात पडतेच, आणि तो कान खेळातला नसतो. आणि जो गप्प राहतो, त्याचे गप्प राहणेही मी तितक्याच इमानाने पोहोचवतो. अकरा रविवार मी मावशीच्या कानी ताईचे गप्प राहणेच पोहोचवत आलो होतो.

ताईने टोपी सोडली, बटणाला हातही लावला नाही, आणि ती बोलली. तिचा किल्लेदारणीचा चढा सूर नव्हता. प्रयोगशाळेत ती अहवाल वाचून दाखवते, तसा शांत आवाज होता.

"मावशी, तू कुठेही जायचं नाहीस."

"किल्लेदारीण, राक्षस..." तो खर्जात म्हणाला.

"मी किल्लेदारीण म्हणून बोलत नाहीये. आणि वज्रबाहूशीही बोलत नाहीये. तुमच्याशी बोलतेय. शेवटचं मुंडकं राहिलं तर राहू दे. तुम्ही आजपासून या टोळीत नाही."