पळीभर तीर्थ

प्रेमलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. अर्धांगवायूने इस्पितळाच्या खाटेला खिळलेल्या नवऱ्याच्या, जनार्दनरावांच्या ओठांशी त्यांनी तीर्थाची पळी नेली आणि त्या रजनी सिस्टरने सरळ त्यांचं मनगटच धरलं आणि खाटेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"माताजी, ऊपर क्या लिखा है? मुँह से कुछ नहीं. साँस की नली में चला जाएगा."

ना हसणं, ना नीट बोलणं. आणि तीर्थ म्हणजे काय खाणंपिणं झालं? निर्जळी एकादशीलाही ते चालतं. उत्तरेतल्या या शहरात खंडेराव गेटपाशी तीन पिढ्या पूजा सांगणाऱ्या घरातल्या माणसाला तीर्थ नाकारणारी ही कोण लागून गेली? शिवाय पडून पडून पाठीला जखमा होतील म्हणे, म्हणून दर दोन तासांनी येऊन त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर ढकलायची. ते कण्हले तरी थांबायची नाही.

त्यापेक्षा दुसरी सिस्टर मेघना किती गोड! "अम्माजी, चाय पी?" म्हणून विचारायची, "बाबूजी" म्हणत जनार्दनरावांच्या केसांवरून हात फिरवायची. प्रेमलाबाईंनी मुलाकडून, परागकडून, तक्रार लिहून घेतली आणि खाली स्वतः सही ठोकली. दुसऱ्या दिवशी रजनीची शेजारच्या वॉर्डात रवानगी झाली.

त्याच दुपारी त्यांनी मेघनाला पळी दाखवली. "भगवान का नाम है अम्माजी, दे दीजिए," ती हसून म्हणाली.

तीर्थ घशाखाली उतरलंच नाही. जनार्दनराव ठसकले, ओठ निळे पडले. मेघना डॉक्टरांना हाका मारत दाराकडे पळाली. तो आरडाओरडा ऐकून शेजारून रजनी धावत आली, तिने त्यांना कुशीवर वळवलं, नळी घालून घशातलं पाणी ओढून काढलं. श्वास सुरळीत झाला. खाली पडलेली पळी पुसून तिने प्रेमलाबाईंच्या हातात दिली आणि निघून गेली.

प्रेमलाबाई तडक मेट्रनकडे गेल्या. "रजनी सिस्टर को वापस भेजिए."

"आपने ही लिखकर दिया है, माताजी," मेट्रन म्हणाल्या. "अब वहीं रहेगी. आपके पास मेघना है न, कितना मीठा बोलती है."

संताप आता काढायचा तरी कोणावर? सही त्यांचीच होती. त्या खाटेपाशी येऊन बसल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. दोन तास झाले. मेघनाने डोकावलं. "सो रहे हैं, सोने दीजिए," म्हणाली आणि गेली.

प्रेमलाबाईंनी पदर खोचला. "जरा सोसा हं," म्हणत त्यांनी नवऱ्याला एकटीने कुशीवर ढकलायला सुरुवात केली. जनार्दनराव कण्हले. त्या थांबल्या नाहीत.