चार वाजताची टकटक

दुपारचे चार वाजायला आले की टेलरमास्तरांच्या बंद दुकानात पाय ठेवायला जागा उरायची नाही. शिलाई मशिनं भिंतीला सरकवलेली, कापायच्या टेबलावर टीव्ही आणि त्याच्याशेजारी काळी पेटी. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण या पेटीत साठायचं. मास्तरांना जाऊन दीड महिना झाला होता, तरी ते रोज चारला या पेटीतून बोलतात, असं सगळी गल्ली सांगत होती.

मीही मागच्या बाकावर बसायचो. माझं यंत्रदुरुस्तीचं दुकान समोरच आहे आणि मास्तर माझे वीस वर्षांचे मित्र.

पडद्यावर त्यांचा शेवटचा दिवस लागायचा. मास्तर बटण लावतायत, मान खाली जाते, माणसं धावत येतात आणि चित्र थिजतं. मग पेटीतून आवाज यायचा. टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा तीन, मग शांत. मास्तरांना चहा हवा असला की ते बोटातलं अंगुस्तान, म्हणजे शिवताना घालायची धातूची टोपी, टेबलावर असंच तीनदा वाजवायचे. आवाज आला की मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, पदराचा बोळा तोंडाशी धरायच्या. खरं सांगतो, अंगावर काटा माझ्याही यायचा.

"आत्मा डिस्कच्या चौथ्या मितीत अडकलाय," शाल पांघरलेले स्पंदनमहाराज डोळे मिटून म्हणायचे. ही चौथी मिती कुठल्या दुकानात मिळते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. महाराज प्रश्न टाकायचे. टकटक आली तर होकार, नाही आली तर नकार.

"मास्तर, पेटी उघडलेली चालेल का?"

पेटी गप्प.

"बघा. उघडलीत की ते गेले."

घोडं अडलं होतं ते इथंच. वहिनींच्या मुलीला दुकान पुन्हा सुरू करायचं होतं. पण पेटीतली डिस्क भरली होती. कॅमेरा चालू केला असता तर नवं चित्रण मास्तरांच्या दिवसांवर चढलं असतं. म्हणून मी मोठी डिस्क आणून ठेवली होती. जुनं सगळं तिच्यावर उतरवायचं, मग पेटीत तीच बसवायची. वहिनी मात्र पेटीला हात लावू देईनात. आणि तो आवाज दिवसेंदिवस वाढत होता. मरायला टेकलेली डिस्क अशीच वाजते. आतला वाचणारा काटा खराब जागेवर अडखळतो, मागे जातो, पुन्हा येतो. ती कायमची बंद पडली असती तर मास्तरांचे सगळे दिवस तिच्याबरोबर गेले असते.

"मग सांगा ना आईला, काका," मुलगी म्हणाली.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, डिस्क खराब आहे तर ती नेमकी त्याच क्षणाला का वाजते, भाऊजी?"

म्हणून ठरवलं, उद्या तो क्षण नीट बघायचा.

दुसऱ्या दिवशी सगळे मास्तरांच्या खुर्चीकडे बघत असताना मी धावत येणाऱ्यांकडे बघितलं. पहिला मीच होतो. मास्तरांना सावरायला वळलो, माझं कोपर फळीला लागलं, फळीवरची पेटी घसरली आणि चित्र थिजलं. टक, टक, टक. 

इतक्यात महाराजांनी नवा प्रश्न टाकला. आज मात्र पेटी हूं की चूं करेना. मघाशी सगळे पडद्याकडे बघत असताना मुलीनं पेटीच्या पुढच्या बारक्या काचेवर काळ्या अस्तराचा तुकडा चिकटवला होता. रिमोटचा इशारा त्या काचेतून आत जातो.

"आज रुसलेत," महाराज घाम पुसत म्हणाले.

"रिमोट रोज चारलाच कसा हरवतो, महाराज? जरा शालीतून हात काढा," मुलगी म्हणाली.

रिमोट फरशीवर पडला. होकार हवा असला की महाराज चित्र त्या क्षणावर नेत आणि नको असला की अलीकडेच थांबवत. शाल सावरत ते मागच्या दारानं सटकले. लोकही एकमेकांची नजर चुकवत पांगले. वहिनी तिथंच बसून राहिल्या.

"रिमोटची चलाखी त्यांची. पण आवाज तर पेटीचाच होता ना?"

मग मी कोपराचं सांगितलं. पेटी पडली तेव्हा ती तोच क्षण डिस्कवर लिहीत होती, म्हणून चरा नेमका तिथंच पडला.  वहिनींनी पेटीवरचा अस्तराचा तुकडा सोलून काढला.

"तुम्ही त्यांना उचलायलाच आला होतात," त्या म्हणाल्या. "उघडा पेटी."

चांगला भाग आधी उतरवला, चरा पडलेली जागा शेवटी. दीड दिवस ती डिस्क माझ्या टेबलावर टकटकत होती. कारण ठाऊक असूनही तिच्याकडे पाठ करून बसवेना. त्रेचाळीस दिवस उतरले, ते एक मिनिट तेवढं आलं नाही. आणि जुनी डिस्क गप्प झाली ती झालीच.

नवी डिस्क बसवून जुन्या दिवसांना कुलूप लावलं, म्हणजे त्यांच्यावर काही चढणार नाही. वहिनींनी शेवटचा दिवस लावूच दिला नाही. "कुठलाही साधा दिवस लावा," म्हणाल्या.

पडद्यावर मास्तरांनी अंगुस्तान टेबलावर तीनदा आपटलं. या कॅमेऱ्याला आवाज नाही. मागच्या दाराचा पडदा सारून चित्रातल्या वहिनी कप घेऊन आल्या आणि तो टेबलावर आदळून गेल्या.

"मी इतकी चिडलेली असायचे?" असं म्हणून त्या हसल्या आणि मग खूप रडल्या.

तुमच्या घरातही कधी अशी टकटक ऐकू येईल आणि कुणीतरी सांगेल, उघडू नका. माझं ऐका, उघडा. आम्ही आणखी चार दिवस भीत बसलो असतो, तर मास्तर आमच्या हातून दुसऱ्यांदा गेले असते.